बेलाच्या पानांखाली राहिलेलं

अक्का, तू गेलीस त्याला आज अकरावा दिवस. मदरशात, म्हणजे माझ्या शाळेत, तीन दिवसांच्या रजेची दरख्वास्त दिली, तीही उर्दूतच लिहावी लागली. सरकार निजामाचं, तेव्हा मरणाची खबरसुद्धा त्याच्याच भाषेत द्यायची. 'हमशीरा का इंतकाल', बहीण वारली, एवढं लिहिलं आणि कागदाकडे बघत बसलो. चाळीस वर्षं तू माझी अक्का होतीस, कागदावर एकदम हमशीरा झालीस. तुला वाचून दाखवलं असतं तर म्हणाली असतीस, "ही कोण बाई रं बसू, आपल्या घरात कवा आली?"

घरात आता मी एकटाच. शेजारच्या गंगाकाकू दुपारची भाकरी देतात, संध्याकाळचं माझं मी बघतो. भात करपतो. अंगणातल्या तुळशीला पाणी घालायचं दोनदा विसरलो. हे सगळं तुला सांगावंसं वाटतं, पण खरं सांगायचंय ते दुसरंच आहे. तुला माती देताना आमच्या हातून एक चूक झाली. त्या चुकीपायी मी हातात कुदळ घेऊन शेतावर गेलो होतो. तुला हसू येईल. पण जरा सबुरीने ऐक, कारण तुझ्याशी भांडता भांडता बोलायची मला सवय आहे, नुसतं बोलायला जमत नाही.

सकाळी उठल्याबरोबर चहा, हा माझा नेम. आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही नाही, हा तुझा. माझा चहा मात्र तूच करायचीस, रोज, निरंकार तोंडाने. लढाईमुळे साखर मिळेनाशी झाली तेव्हा गुळाचा करून द्यायला लागलीस आणि मी कुरकुर केली तर म्हणायचीस, "गूळ तुला ल्हानपणापासून लय गोड लागतो, मला ठावं हाय." मी ओसरीवर बशीत चहा ओतून म्हणायचो, "अक्का, तुझ्या देवालाही घोटभर दे की. म्हणजे तरी डोळे उघडील."

"त्याचे उघडेच हायेत. तू आपली बशी बघ, सांडायलीय."

असं वीस वर्षं चाललं. पोखर्णीचं सगळं गाव नरसिंहाच्या देवळात जायचं आणि तू देवळावरून जाताना बाहेरूनच हात जोडायचीस. मी एकदा विचारलं, आत का जात नाहीस, तर म्हणालीस, "त्याचं त्याच्यापाशी, आपलं आपल्या गळ्यात." विषय संपला. तुझ्याशी वाद घालणं मोठं कठीण काम होतं, कारण तू वाद घालायचीच नाहीस. भाजी निवडत बसायचीस आणि मधूनच एखादं वाक्य टाकायचीस.

तू ताडकळसहून परत आलीस तेव्हा मी वीस-एकवीसचा होतो. पटकीच्या साथीत आठ दिवसांत तुझा नवरा गेला, मग थोरली लेक, मग तान्हा. अप्पा तुला घ्यायला बैलगाडी घेऊन गेले. गाडीतून उतरलीस तेव्हा तुझ्याजवळ एक बोचकं होतं आणि गळ्यात लिंग. आई गळ्यात पडून रडली, तू रडली नाहीस. दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवर आंघोळ करून आलीस, कपाळाला भस्म लावलं, डाव्या तळहातावर लिंग घेतलं आणि त्यावर पाणी घालत बसलीस. आई दारातून बघत होती. मला तेव्हा तुझी भीती वाटली होती, आज कबूल करतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी, एकदा शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा, मी विचारलं होतं. टिंगल म्हणून नाही, खरंच विचारलं होतं. "अक्का, त्यात तुला काय दिसतं गं?"

तू हातातली शेंग फोडलीस, दाणे सुपात टाकलेस. मग म्हणालीस, "दिसत काईच न्हाई रं. हाताला सवय हुती लेकरं धुवायची. सकाळ झाली की हात पाणी मागायचे. सामी म्हणले, याला धू. मी धुयाला लागले. थंड लागतं, वजनाचं लागतं. रोज तेवढा येळ हात रिकामा न्हाई वाटत."

यावर मी काय म्हणालो, आठवतं? "मग मांजर पाळायचं होतं." तू हसलीस. इतकं हसलीस की शेंगांचं सूप कलंडलं. मला वाटलं, आपण जिंकलो.

आता बारवेची गोष्ट. त्यातला एक भाग तू कुणाला सांगितला नाहीस आणि मीही नाही. मी नऊ वर्षांचा होतो, तू पंचमीला माहेरी आली होतीस. मी बारवेच्या वरच्या पायरीवरून उडी मारली आणि गळ्यातला दोरा तुटला. लिंग पायऱ्यांवर आपटत खाली पाण्यात गेलं, टक टक असा आवाज मला अजून ऐकू येतो. अप्पांनी मारलं नाही, फक्त एवढंच म्हणाले, "सापडंस्तोवर अन्न न्हाई." आपल्यात तसंच असतं. मी भोकाड पसरलं. तेव्हा तू माझ्याजवळ येऊन बसलीस आणि म्हणालीस, "मीबी न्हाई जेवत. दोघं मिळून उपाशी राहू, मग भूक निम्मी लागती." बाहेर चिंचेला झोके बांधले होते, तुझ्या मैत्रिणी हाका मारत होत्या. पंचमीचा अख्खा दिवस तू माझ्याजवळ भिंतीला टेकून काढलास.

आणि मी काय केलं, तर भर दुपारी, तुझा डोळा लागला तेव्हा, जात्यामागच्या मडक्यातला गूळ खाल्ला. चांगला मुठीएवढा. दुसऱ्या दिवशी एका पोहणाऱ्याने बुड्या मारून लिंग वर काढलं. एका बाजूची खपली उडाली होती. मठपती स्वामींनी त्या खळग्यात काळी लाख भरून दिली. सगळे आनंदात असताना तू मला बाजूला घेतलंस, पदर ओला केलास आणि म्हणालीस, "तोंड पूस आदी. कालपासून गूळ लागलाय व्हटाला." म्हणजे तुला सगळं माहीत होतं आणि माहीत असूनही तू एकटी उपाशी राहिली होतीस. मी त्याबद्दल कधी काही बोललो नाही. आज बोलतो. अक्का, त्या गुळाची मला अजून लाज वाटते.

ती लाखेची खूण नीट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

पार्वती लग्न होऊन आपल्या घरात आली ती सेलूहून. तुला तिची आणि तिला तुझी एवढी माया लागली की मीच दोघींच्या मध्ये पाहुणा होऊन बसलो. तिला सातवा महिना लागल्यापासून तू तिला जड उचलू दिलं नाहीस. सहा वर्षांपूर्वी ती बाळंतपणात गेली, मूलही गेलं. सुईणीने मुलाला धुऊन, फडक्यात गुंडाळून तिच्याशेजारी ठेवलं. मी त्याला हातात घेतलं नाही. माझ्याच्याने झालं नाही.

त्या सकाळी मी गळ्यातला दोरा ओढून तोडला आणि लिंग माजघराच्या कोपऱ्यात फेकलं. तू बघितलंस. घडीभराने मी पाणी प्यायला आत आलो तर तू चुलीजवळ बसली होतीस, कपाळाला भस्म, तळहातावर लिंग, आणि त्यावर पाण्याची धार. बाहेर पार्वती होती. आपल्यात सुतक नसतं, गळ्यात लिंग असलेल्याला विटाळ लागत नाही, हे मला ठाऊक होतं, पण त्या क्षणी माझं डोकं फिरलं. मी ओरडलो. "ती बाहेर पडलीय आणि तू इथं दगड धुवायलीस. तुझा देव दगड हाय आणि तूबी दगडच हायेस." ओसरीवरच्या माणसांनी ऐकलं. तू मान वर केली नाहीस. पूजा संपवलीस, उठलीस आणि पार्वतीला आंघोळ घालायला बाहेर गेलीस.

आपण पुन्हा त्यावर बोललो नाही. पंधरा दिवसांनी एवढंच म्हणालीस, "बसू, तुझं संदुकीत ठिवलंय. पायजे तवा घे." मी हूं म्हणालो. संदुकीतून धोतर काढताना कधी कधी हाताला ते फडक्यातलं गाठोडं लागायचं, मी त्यावर धोतरं सारून ठेवायचो. माफी मागावी असं शंभरदा वाटलं. पण माफी मागितली असती तर तू आत जाऊन भाकरी थापायला बसली असतीस, हेही मला ठाऊक होतं. म्हणून राहून गेलं.

त्या दिवशी, म्हणजे तू गेलीस त्या सकाळी, मी ओसरीवर दाढी करत होतो. चहा पिऊन झाला होता. आतून नेहमीसारखा पाण्याचा आवाज आला, मग थांबला. मला वाटलं, पूजा आटोपली. गंगाकाकू विस्तव मागायला आत गेल्या आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. तू भिंतीला टेकून बसली होतीस. डोळे मिटलेले. डावा हात मांडीवर, मूठ घट्ट, आणि मुठीत लिंग. तोंडावर काही त्रास झाल्याचं दिसत नव्हतं.

बायका म्हणाल्या, "पुण्यवान बाई. हातात लिंग घेऊन गेली." तुझी मूठ कुणी उघडली नाही. त्या मुठीसकटच तुला आंघोळ घातली. गंगाकाकूंनी पूजेचं ताम्हण, बेलाची पानं, भस्माची वाटी सगळं उचलून भिंतीतल्या देवळीत ठेवलं. बांधावरच्या लिंबाखाली खड्डा खणला, तुला मांडी घालून बसवलं. मठपती स्वामी लिंग हातात द्यायला वाकले आणि म्हणाले, "हातातच हाय की. आणखी काय पायजे." मग भस्म, बेल आणि माती. मी पहिली मूठ टाकली.

परत येताना आमचे हेडमास्तर माझ्याबरोबर चालत होते. ते हैदराबादकडचे, त्यांनी असलं दफन कधी पाहिलं नव्हतं. हळू आवाजात विचारत होते. मी त्यांना सांगितलं, की आमच्यात प्रत्येकाचं लिंग वेगळं असतं, जन्मल्यावर गळ्यात येतं आणि मातीत बरोबर जातं, मधे दुसऱ्याच्या हातात जात नाही. ते ऐकत होते. मग त्यांनी सहज विचारलं, "और मास्टर, आपका किधर है?" माझा हात गळ्याकडे गेला. म्हणालो, "संदूक में है, साब." ते पावसापाण्याचं बोलायला लागले. भला माणूस आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळीतला सुकलेला बेल काढून टाकावा म्हणून ताम्हण उचललं. पानं बाजूला केली तर खाली काळंभोर लिंग. मला काही उमजेना. तुझं तर मुठीत गेलं, मग हे माझं असणार. ते संदुकीतून इथं कोणी आणलं? संदूक उघडली, धोतरं बाहेर काढली. गाठोडं जागेवर होतं. सोडलं तर आत सुपारी. अक्का, तू सहा वर्षं मला सुपारीवर फसवलंस.

मग ताम्हणातलं लिंग घेऊन दारात उजेडाला गेलो आणि लाखेची खूण शोधायला लागलो. अंगठा सगळीकडून फिरवला. गुळगुळीत. खूण नव्हती. पुन्हा फिरवला. नव्हतीच. म्हणजे हे तुझं होतं, आणि तुझ्या मुठीत मातीत गेलं ते माझं.

ज्यांना मी चारचौघांदेखत दगड म्हणालो, त्या दगडांची अदलाबदल झाली म्हणून मी घरभर कुदळ शोधत होतो. माझं मला तेव्हाही कळत होतं की हे हसण्यासारखं आहे, पण हसू येत नव्हतं. आयुष्यभर तू त्या एका गोष्टीला धरून राहिलीस. नवरा नाही, लेकरं नाहीत, आईअप्पा नाहीत, भाऊ असून नसल्यासारखा, आणि शेवटच्या वाटेला तुझं तेवढंही तुझ्याबरोबर दिलं नाही. दिलं ते कुणाचं, तर ज्याने फेकून दिलं त्याचं. मी कुदळ उचलली आणि शेताकडे निघालो.

लिंबाखाली उभा राहिलो. माती अजून ओली होती. कुदळ उचलवेना आणि परतही फिरवेना. शेवटी तशीच खांद्यावर टाकून मठपती स्वामींच्या घरी गेलो. ते दारातच बसले होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तर, कुदळ भाईर ठिवा आन् आत या."

मी सगळं सांगितलं. फेकलेलं, सुपारीचं, लाखेचं. स्वामी थकलेत आता, ऐकताना डोळे मिटून घेतात, मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "अक्का माझ्याकडं आली हुती. सहा वर्सं झाली. म्हणली, भावानं काढून टाकलंय, उपाशी पडलंय. त्याची पूजा मी करू का? मी म्हणलं, न्हाई बाई, चालत न्हाई. ज्याचं त्यानंच करावं, शास्त्र हाय."

"मग?"

"मग म्हणली, सामी, शास्त्राला भाऊ न्हाई. मला हाय." स्वामी हसले. "इचारायला आली ते नुसतं नावाला. सुरू तर आदीच केलं हुतं. तुमची मंडळी गेली, त्याच सकाळी. तुमी फेकलं आन् तिनं कोपऱ्यातून उचलून धुतलं, तवापासून रोज. आदी तुमचं करायची, मग आपलं. म्हणायची, माझं काय, थांबतंय."

अक्का, मी तिथेच बसून रडलो. पार्वतीला रडलो नव्हतो तेवढा रडलो. त्या सकाळी मी ओरडलो तेव्हा तुझ्या तळहातावर होतं ते माझंच होतं. मी टाकलेलं तू धूत होतीस आणि मी तुला दगड म्हणालो. एक शब्द बोलली असतीस, 'हे तुझं हाय बसू', तर मी तिथल्या तिथे जमिनीत गेलो असतो. म्हणूनच बोलली नसशील. गूळ खाल्लेला माहीत असून तोंड पुसणारी तू.

डोळे पुसून मी विचारलं, "आता उकरायचं का?"

"कशाला? मुठीतलं सोडील का ती?" स्वामी म्हणाले. "तुमचं करतानाच बोलावणं आलं तिला. ते घिऊनच गेली. आता घरी जे हाय, ते तीन दिस उपाशी हाय. त्याचं बगा."

"पण ते माझं न्हाई. ज्याचं त्यानंच करावं, असं तुमीच म्हणलात."

"म्हणलो हुतो. तिनं ऐकलं का?"

मी घरी आलो. विहिरीवर आंघोळ केली. भस्म किती बोटांनी लावायचं तेही विसरलो होतो. तुझ्या जागेवर, चुलीजवळ बसलो आणि डाव्या तळहातावर तुझं लिंग घेऊन पाणी घातलं. मंत्र एकही आठवला नाही. तू म्हणाली होतीस तसं थंड लागलं, वजनाचं लागलं. पाणी बोटांच्या फटीतून ताम्हणात गळत होतं आणि मला एकदम ते लेकरू आठवलं, जे सुईणीने धुतलं होतं आणि मी हातातही घेतलं नव्हतं. मी उजव्या हाताने हळूहळू, सगळ्या बाजूंनी, बराच वेळ धूत राहिलो. मांजराबद्दल बोललो होतो ते परत घेतो, अक्का.

मला देव दिसला असं मी म्हणणार नाही. तुझ्याशी खोटं बोलून काय मिळणार? माझ्या शंका जिथल्या तिथे आहेत आणि तू समोर असतीस तर आजही बशी हातात घेऊन मी वाद काढला असता. पण या आठ सकाळी मी रोज बसतो आणि उठतो तेव्हा जरा बरा असतो. शाळेत पोरांवर ओरडणं कमी झालंय, हे हेडमास्तरांच्याही ध्यानात आलं. काल त्यांनी माझ्या गळ्यातला दोरा पाहिला आणि नुसती मान हलवली. परवा पार्वतीची हिरवी साडी संदुकीतून काढून उन्हात घातली. सहा वर्षांत माझा तिला हात लागला नव्हता. तू तिच्या घडीत कडुलिंबाची पानं घालत होतीस, हेही तेव्हाच कळलं. ती सुपारी मी तशीच फडक्यात बांधून परत ठेवली आहे. तुझा लबाडपणा घरात एवढा तरी राहू दे.

कधी कधी विचार येतो, की तिथे मातीत तुझ्या मुठीत माझं आहे आणि इथे माझ्या गळ्यात तुझं. चूक झाली खरी, पण आता ती दुरुस्त करावीशी वाटत नाही. अंगठा अजून सवयीने ती लाखेची खूण शोधतो. सापडत नाही, मग कळतं की ती तुझ्याजवळ आहे.

चहा सोडलेला नाही, तेवढा मी सुधारलेला नाही. गूळ घालून चुलीवर ठेवतो, उतरवतो आणि वर बशी झाकतो. आज सकाळी हातात ताम्हण घेऊन बसलो होतो तेवढ्यात गंगाकाकू विस्तव मागायला आल्या. झाकलेल्या कपाकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, च्या निवायलाय की. घ्या आदी."

मी म्हणालो, "थांबा काकू. आदी अक्काचं व्हायचंय."